तंबोऱ्यासाठी मोटर

"सार, वजन किती उचलायचं ते सांगा," बाला म्हणाला. "त्यावर मोटर ठरते."

वैद्यनाथरावांनी उजव्या हाताचं मधलं बोट त्याच्यापुढे धरलं. "एवढं."

बालाने बोटाकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. त्याच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं इंजिनिअरिंग कॉलेजातली. आपणहून चालणारी गाडी, झाडाला पाणी घालणारं यंत्र, असलं काहीतरी परीक्षेपुरतं करून विसरून जाणारी. धोतर नेसलेला, कपाळाला गोपीचंदन लावलेला सदुसष्ट वर्षांचा माणूस स्टेपर मोटर मागायला पहिल्यांदाच आला होता.

"बोट उचलायचंय?"

"बोटाचं काम करायचंय. चार तारा छेडायच्या, एकीमागून एक, आणि पुन्हा पहिलीपासून. घाई करायची नाही, दमायचं नाही."

"वीणा?"

"तंबोरा."

"अय्यो सार, त्याला मोटर कशाला? फोनमध्ये तंबोरा येतो. फुकट येतो." बालाने तिथल्या तिथे फोन काढून लावूनही दाखवला. सोल्डरच्या धुरात आणि पंख्याच्या घरघरीत फोनमधला तंबोरा घुमायला लागला.

"हा आमच्या घरी चालत नाही," वैद्यनाथराव म्हणाले.

हे खरंच होतं. पवित्रा, त्यांची मुलगी, बंगळुरूहून आली तेव्हा तिने आईच्या उशाशी हाच फोनातला तंबोरा लावून ठेवला होता. अंबुजाने थोडा वेळ ऐकलं आणि डाव्या हाताने फोन पालथा घातला. "हा कुणाच्याच घरचा नाही ग," ती म्हणाली होती.

अंबुजाचा तंबोरा तंजावरचा, फणसाच्या लाकडाचा. तिच्या वडिलांनी करवून घेतलेला, लग्नात तिच्याबरोबर आलेला. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातल्या त्यांच्या घरात दाराबाहेर तमिळ आणि दाराआत जुन्या वळणाची मराठी. पण तंबोरा दोन्हींपेक्षा जास्त वेळा बोलायचा. अंबुजा काही गायिका नव्हती, तसं ती म्हणायचीही नाही. ती फक्त गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलापुढे गायची. दर एकादशीच्या भजनात दुपारच्या आरतीआधीचं पद तिचं. हे कुणी ठरवलं होतं असं नाही. ती वेळ आली की भजन चालवणारे हरिकृष्ण भागवतर हातातले टाळ थांबवायचे आणि सगळे मागे वळून बायकांच्या रांगेत तिच्याकडे बघायचे. मग ती मांडीवरचा तंबोरा छेडायची आणि गायला लागायची. एकतीस वर्षं असंच चाललं होतं.

माघात तिचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. तोंडही वाकडं झालं होतं, पण ते पुष्कळसं जागेवर आलं. बोलणं परत आलं. पाय ओढत का होईना, चालणं आलं. हात मात्र आला नाही. बोटं उघडत, पण कुणीतरी उघडल्यासारखी.

गोविंदपुरम्‌ला तिचं पद कुणी दुसऱ्याला दिलं नाही. आता त्या वेळी टाळ थांबतात, सगळे गप्प बसतात आणि एका पदाएवढा वेळ देवळातला तंबोरा नुसता वाजतो. मग आरती सुरू होते. आषाढातल्या एकादशीला वैद्यनाथराव एकटेच गेले होते, तेव्हा त्यांनी ते पाहिलं. परत येताना बसमध्ये त्यांना एकच गोष्ट सुचत होती: गळा आहे, तंबोरा आहे, मध्ये एवढं एक बोट कमी आहे.

आधी त्यांनी स्वतः छेडून पाहिलं. चार तारा, त्यात काय मोठंसं. अंबुजा पलंगावर बसून ऐकत होती. दुसऱ्या फेऱ्यालाच तिने डोळे मिटले आणि हसू दाबलं.

"काय झालं?"

"काही नाही. फोन आल्यासारखा वाटतो. उचलावा की काय असं होतं."

चूक तिची नव्हती. चौतीस वर्षं वैद्यनाथराव कुंभकोणमच्या टेलिफोन खात्यात होते. उमेदीची वर्षं जुन्या एक्स्चेंजच्या त्या मोठ्या हॉलमध्ये गेली, जिथे गावातल्या कुणी नंबर फिरवला की प्रत्येक ठोक्याला लोखंडाचा एक हात एक घर वर चढायचा, थांबायचा, मग पुढच्या ठोक्याची वाट बघायचा. पाच ठोके, पाच घरं. हजारो हात दिवसभर टकटकत असायचे, आणि कुठला हात एक घर चुकला ते वैद्यनाथरावांना पाठ फिरवूनही कळायचं. म्हणून पवित्राने फोनवर स्टेपर मोटर म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी तिला अर्ध्यातच थांबवलं. एका ठोक्याला एक पाऊल, आणि पाऊल टाकून झालं की तिथंच घट्ट उभं राहायचं. ओळखीचा माणूस नवा सदरा घालून आल्यासारखं त्यांना वाटलं.

"मग ही घ्या," बाला म्हणाला. निळ्या झाकणाची, डबीएवढी छोटी मोटर त्याने काउंटरवर ठेवली. "आत दाते आहेत. हळू फिरते. बोटापुरती पुष्कळ झाली."

वैद्यनाथरावांनी तंबोरा सतरंजीवर आडवा ठेवायला सागाची चौकट केली. वर एक लाकडी चाक, चाकाला चार नख्या. नख्या कशाच्या करायच्या यात आठवडा गेला. प्लास्टिकची ठणठणत होती, कापडाची घसरत होती. शेवटी सायकलच्या व्हॉल्व्हमधली रबरी नळी उभी चिरून लावली. ती तारेला बोटाच्या मांसल भागासारखी लागली. अंबुजा जवळ बसून सांगत होती. पहिली तार पंचमाची, मग दोन मधल्या, मग जाड खर्जाची. आणि खर्जानंतर श्वासाएवढी जागा सोडायची. त्या दिवसांत ती पुष्कळ बोलायची. "अहो, तारेला मारू नका, तिला विचारा," असं म्हणायची.

मोटर फिरली. पण चार सेकंदांत एक फेरा म्हणजे त्या बिचारीची धावण्याची शर्थ होती. तीन तारा ती कशीबशी छेडायची आणि खर्जाच्या जाड तारेशी येऊन अडखळायची. शिवाय आतले दाते सुपारी कातरल्यासारखे कुरकुरायचे.

"म्हण ना," वैद्यनाथराव म्हणाले.

अंबुजाने पदर सारखा केला. घसा खाकरला. मग म्हणाली, "दाते वाजतात. त्यात सूर कसा सापडेल?"

बरोबरच होतं. वैद्यनाथराव दुसऱ्या दिवशी पुन्हा बालाच्या दुकानात.

आता बालालाही चेव चढला होता. त्याने मोडक्या प्रिंटरमधली चौकोनी मोटर काढली. तळव्यात मावेल एवढी, पण हाताला वजनदार. "हिला दाते नाहीत. सरळ दांडा. एका फेऱ्यात दोनशे पावलं. हिच्या वाटेत आला तर तंबोरा मोडेल सार, ही थांबणार नाही."

"आणि हिला सांगणार कोण?"

"ड्रायव्हर." त्याने अंगठ्याएवढी लाल पट्टी पुढे केली. मोटर आपण होऊन काही करत नाही; तिच्या कुठल्या वेटोळ्यात कधी आणि किती वीज सोडायची ते हा ड्रायव्हर बघतो. एका पावलाचे सोळा तुकडे करून तो तिला चालवतो, म्हणजे दोनशेची तीन हजार दोनशे बारीक पावलं. पट्टीवर तिळाएवढा स्क्रू असतो. तो हलकेच फिरवून वीज बेताची ठेवायची. जास्त झाली तर मोटर तापते, कमी झाली तर दांड्यात जोर राहत नाही.

मोटरच्या चार तारांतल्या जोडीच्या दोन कुठल्या हे बालालाही ठाऊक नव्हतं. वैद्यनाथरावांनी दोन-दोन तारांची टोकं एकमेकींना टेकवून दांडा बोटांनी फिरवून पाहिला. एका जोडीला दांडा एकदम जड झाला. "ह्या दोघी बहिणी," ते म्हणाले.

घरी त्यांनी एक चूक केलीच. यंत्र चालू असताना मोटरची तार उपसली आणि लाल पट्टीतून बारीकसा धूर निघाला. दुसरी आणावी लागली. बालाने ती देताना वर्तमानपत्राच्या कागदावर मोठ्या तमिळ अक्षरांत लिहून दिलं: आधी बटण बंद, मग हात. अंबुजाने तो कागद चौकटीवर चिकटवायला लावला आणि म्हणाली, "हा मुलगा आपल्या लग्नात असायला हवा होता."

नवी मोटर खर्जाच्या तारेला अडखळली नाही. तिन्ही सप्तकं भरल्यासारखा तंबोरा घुमला. पण त्या घुमण्याच्या वर, डासासारखी, एक बारीक शिट्टी होती. लाल ड्रायव्हर वीज तोडून तोडून सोडतो आणि प्रत्येक तुकड्याला मोटरचं अंग शहारतं. सेकंदाला आठशे वेळा शहारलं की त्याची शिट्टी होते.

त्या दिवशी अंबुजाने तोंड उघडलंच नाही. नुसतं शिट्टीकडे बोट दाखवलं.

आणि मग वैद्यनाथरावांनी ती गोष्ट केली, जी बालाच्या एकाही गिऱ्हाइकाने कधी केली नसेल. त्यांनी शिट्टी घालवायचा नाद सोडला आणि तिला सुरात लावायला घेतलं. अंबुजाची पट्टी पाच कट्टै, म्हणजे पेटीवरची पांढरी पाच. तंबोरा लग्नापासून तिथंच लागलेला. मोटरचा वेग किंचित कमी-जास्त केला की शिट्टी वर-खाली सरकते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दोन दिवस ते कान चौकटीला लावून बसले, बालाने लिहून दिलेल्या प्रोग्राममधला एक आकडा बदलत राहिले. चार सेकंदांहून केसभर जास्त असा फेरा धरला तेव्हा शिट्टी अंबुजाच्या षड्जाच्या दोन सप्तकं वर जाऊन अचूक बसली आणि तंबोऱ्याच्या आवाजात जवळजवळ विरघळली.

"बघ आता," ते म्हणाले. माघापासून इतक्या उत्साहात ते बोलले नव्हते.

अंबुजाने ऐकलं. तिला हसू आलं आणि या वेळी तिने ते दाबलं नाही. हसताना तोंडाची उजवी बाजू मागे राहायची, पण हसू खरं होतं. "अहो, ही तर माझ्याच षड्जावर बसली. आता मी कुठं बसू?"

"म्हण तर खरं."

"शिट्टीबरोबर? विठ्ठल म्हणेल, ही अंबुजा कुकर घेऊन आली." आणि काठी घेऊन ती स्वयंपाकघरात निघून गेली.

वैद्यनाथराव चौकटीपाशी बसून राहिले. त्यांना तिचा राग आला नाही. तिचा कान तयार आहे, आपलं यंत्रच कमी पडतं, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्या संध्याकाळी त्यांनी पवित्राला फोन केला.

"अप्पा, मुका ड्रायव्हर मिळतो की," ती म्हणाली. "वीज तोडत नाही, लाटेसारखी सोडतो. मोटर फिरते की नाही ते कळतसुद्धा नाही. मी पाठवते. एकादशीआधी पोचेल."

कार्तिकातल्या एकादशीला बारा दिवस होते. हरिकृष्ण भागवतरांनी निरोप पाठवला होता: यंत्र घेऊन या, गाडी पाठवतो, देवाला काय, बोट लाकडाचं असलं तरी चालेल. वैद्यनाथरावांनी तो अंबुजाला सांगितला. ती "बघू" म्हणाली आणि भाताचं पाणी गाळायला उठली.

पाकीट आलं ते एकादशीच्या चार दिवस आधी, सकाळी. आत काळी पट्टी होती, पण तिच्या पायांच्या बारीक तारा सुट्या. त्या बालाकडून जोडून घ्यायला हव्या होत्या. अंबुजाचं आवरायचं होतं. वैद्यनाथरावांनी पाकीट पिशवीत टाकलं आणि निघाले. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेले तेव्हा चष्मा विसरल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. चष्म्याशिवाय पट्टीवरची अक्षरं दिसली नसती. ते मागे फिरले.

फाटक ढकललं, पायरीवर पाय ठेवला, आणि ते थांबले.

आत कुणीतरी गात होतं. एखादी म्हातारी. आवाज जाड, खालचा, मध्येच भेगाळणारा. अंबुजाला भेटायला शेजारची कुणी आली असेल असं त्यांना वाटलं. मग शब्द ओळखीचे लागले. आरतीआधीचं पद. इतक्या खालून ते पद त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पाच नव्हे, चार नव्हे. तीन कट्टैत, पुरुषाच्या पट्टीच्या जवळ कुठेतरी तो आवाज चाचपडत चालला होता. जिथे पद वर चढतं तिथे तो पोचला, फाटला, थांबला. पुन्हा मागून आला. पुन्हा त्याच जागी फाटला. मग भांडं आपटल्याचा आवाज आला, आणि अंबुजा स्वतःशीच म्हणाली, "जाऊ दे ग. पुरे."

वैद्यनाथराव पायरीवर उभे राहिले. हाताची बोटं पिशवीच्या बंदांत अडकली होती.

तिचं बोलणंही माघानंतर खाली उतरलं होतं. पण ते रोज कानावर होतं, रोज थोडं थोडं सवयीचं झालं होतं, आणि त्यामुळे कधी ऐकूच आलं नव्हतं. चौतीस वर्षं एक घर चुकलेला हात पाठ फिरवून ओळखणाऱ्या माणसाला घरातला आवाज दोन घरं खाली गेलेला कळला नव्हता. चार महिने ते पाच कट्टैच्या तंबोऱ्याला मोटर शोधत होते. आणि ती दर वेळी त्या तंबोऱ्यासमोर येऊन बसत होती, पदर सारखा करत होती, घसा खाकरत होती, आणि तिला एक कारण मिळत होतं. आधी दाते. मग शिट्टी. त्यांनी एकेक आवाज काढून टाकला म्हणजे तिच्या हातातलं एकेक कारण काढून घेतलं. आता पिशवीत शेवटचं होतं.

ते आत गेले नाहीत. जसे आले तसे मागे फिरले. फाटक हळूच ओढलं, तरी ते वाजलंच.

दुकानात बालाने पट्टीला तारा जोडल्या, आपल्याकडची तशीच एक मोटर लावली आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. "बिघडली वाटतं," असं म्हणत तो वाकला, दांड्याला बोट लावलं आणि ओरडला, "सार! फिरतेय! अय्यो, फिरतेय बघा!" पंखा बंद करून त्याने कान मोटरला टेकवला. "एक आवाज नाही. सापासारखी चाललीय. सार, जिंकलात तुम्ही!"

"हो," वैद्यनाथराव म्हणाले.

"अम्मांना सांगा, एकादशीला मी पण येणार ऐकायला."

"हो."

"चष्मा कुठंय आज?"

"विसरलो."

घरी आले तेव्हा अंबुजा पलंगावर बसून भेंडी चिरत होती. डाव्या हातात सुरी धरणं तिला आता जमायला लागलं होतं. "झालं का काम?" तिने वर न बघता विचारलं. चष्मा शेजारच्या स्टुलावर होता.

वैद्यनाथराव चौकटीपाशी पाठमोरे बसले. आधी बटण बंद, मग हात. त्यांनी लाल पट्टी काढली, काळी बाहेर काढून क्षणभर तळव्यावर धरली, आणि पुन्हा लालच बसवली. काळी धोतराच्या सोग्यात गेली; रात्री ती जुन्या टेलिफोन रिसीव्हरच्या डब्यात जाणार होती. बटण दाबलं. तंबोरा घुमला आणि त्यावर ती बारीक शिट्टी, अचूक पाच कट्टैत.

"नाही ग," ते म्हणाले. "हाही तसाच निघाला. आवाज करतो."

सुरी थांबली. अंबुजाने बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "करतो खरा."

"एकादशीपर्यंत काही होईलसं दिसत नाही."

"नाही झालं तर नाही," ती म्हणाली आणि भेंडी चिरू लागली.

त्या संध्याकाळी ते बाहेरच्या कट्ट्यावर बसले असताना आत फोन वाजला. पवित्राचा होता, हे अंबुजाच्या स्वरावरून कळत होतं. "पोचला ग, सकाळीच... हो, बसवला की अप्पांनी... नाही, काही आवाज नाही. तू म्हणालीस तस्साच. मुका." थोडा वेळ ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "गाईन, गाईन. घाई काय आहे."

वैद्यनाथरावांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. आणि त्यांचं खोटं तिने आपल्या खोट्याने झाकलं होतं. ते आत गेले तेव्हा दोघं पाण्याच्या मोटरीबद्दल बोलले, उद्या कापडवाला येणार आहे त्याबद्दल बोलले.

एकादशीला गोविंदपुरम्‌ला ते यंत्राशिवाय गेले. अंबुजाने मोरपंखी रंगाचं नऊवारी नेसलं होतं. निऱ्या पवित्राने येऊन घातल्या. अंबुजा मंडपात आली तेव्हा बायकांनी तिला तिची नेहमीची जागा दिली. मांडीवर तंबोरा नव्हता, म्हणून डावा हात तिने उजव्या हातावर ठेवला होता. भजन रंगलं. दुपार झाली. ती वेळ आली आणि हरिकृष्ण भागवतरांनी टाळ थांबवले. सगळे वळले.

मंडपात नुसता तंबोरा वाजत होता. अंबुजाने समोर देवाकडे पाहिलं. वैद्यनाथरावांना पुरुषांच्या बाजूने तिचा अर्धाच चेहरा दिसत होता, उजवा, जो आता फारसं काही सांगत नसे. तंबोऱ्याचे तीन-चार फेरे गेले. मग तिने हात उचलला आणि शेजारच्या सौंदर्याच्या गुडघ्यावर ठेवला. सौंदर्या कॉलेजात शिकणारी, गेली दोन वर्षं भजनाला येणारी.

"तू म्हण."

सौंदर्या दचकली. "मी? नाही अम्मा. तुमचं आहे ते."

"येतं ना तुला?"

"येतं, पण..."

"मग म्हण. तिथं सगळे खोळंबलेत." हे शेवटचं ती थोडं रागावून म्हणाली, तेव्हा मुलीने डोळे मिटले आणि सूर लावला. पाच कट्टै. आवाज स्वच्छ, थोडा घाबरलेला. वर चढायच्या जागी तो चढला आणि तिथे टिकला. अंबुजा डाव्या हाताने तिच्या गुडघ्यावर ताल धरत होती. वैद्यनाथरावांनी मान खाली घातली. भागवतरांनी डोळे पुसले, पण आरती वेळेवर सुरू केली.

घरी परतल्यावर पवित्रा संध्याकाळच्या गाडीने गेली. घर रिकामं झालं. अंबुजा कपडे न बदलता तंबोऱ्यापाशी जाऊन बसली.

"तो दुसरा बसवा आता."

"दुसरा कुठला?"

"तुमच्या जुन्या रिसीव्हरच्या डब्यात आहे तो."

वैद्यनाथरावांनी डबा काढला. आधी बटण बंद, मग हात. काळी पट्टी जागेवर बसली. बटण दाबणार तोच ती म्हणाली, "थांबा. आधी तारा उतरवा."

"किती?"

"त्या दिवशी फाटक वाजलं होतं," अंबुजा म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे किती."

त्यांनी खुंट्या सैल केल्या. पस्तीस-चाळीस वर्षं एकाच ताणात राहिलेल्या तारा खाली यायला तयार नव्हत्या. मध्येच कुठेतरी अडून बसत, मग एकदम सुटत. तीन कट्टैत आल्यावर त्यांचा आवाज मेला. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक दोरा असतो. तो केसभर सरकवून नेमक्या जागी आणला की तारेत जीव येतो. हे काम अंबुजाचं. उजव्या हाताचा आधार नव्हता, तेव्हा तिने दोऱ्याचं एक टोक दातांत धरलं, दुसरं डाव्या हातात, आणि तंबोऱ्यावर ओणवी होऊन एकेक तार जागी केली. तीन तारा बोलल्या. खर्जाची शेवटपर्यंत भुणभुणतच राहिली. तिला आता जाड तार लागेल, तंजावरहून आणावी लागेल, असं ते म्हणाले. ती म्हणाली, "असू दे."

बटण दाबलं. दांडा फिरला, चाक फिरलं, चार नख्या एकीमागून एक खाली आल्या. मोटरचा काहीही आवाज नव्हता.

अंबुजाने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि गायली.

दार लावलेलं होतं. वैद्यनाथराव तिच्यासमोर, चौकटीच्या पलीकडे बसले होते, बटणाजवळ हात ठेवून. चार महिने त्यांनी जी शांतता शोधली होती ती आता खोलीत भरून होती, आणि तिच्यात सगळं ऐकू येत होतं. आवाजातली प्रत्येक भेग, जीभ जड होऊन मागे राहिलेलं प्रत्येक अक्षर, दोन शब्दांमध्ये धापेसारखा घेतलेला श्वास. त्यांना वाटलं, ती शिट्टी असती तर बरं झालं असतं.

वर चढायची जागा आली. ती तिथे गेली नाही. त्याआधीच थांबली आणि तोंड मिटून बसली. गाणारा असा मध्येच थांबला की तंबोऱ्यावरचं माणूस वर बघतं, पण यंत्राला ते ठाऊक नव्हतं. चार नख्या येत राहिल्या, जात राहिल्या.

"थांबवू का?" वैद्यनाथरावांनी विचारलं.

तिने मान हलवली. "चालू दे. पुन्हा पंचमावर आला की येते."

तंबोरा पंचमावर आला. मग पुढे गेला. पुन्हा आला.